गेम खेळून लहान मुलांचा सीपीआर शिकलो, त्याबद्दल

कोल्हापुरात कुणाला 'सीपीआर शिकतोय' म्हणून सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, कोण ॲडमिट आहे? छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाला आपण सगळे सीपीआरच म्हणतो, त्यामुळं आमची आई तर डबा करून द्यायच्या तयारीत होती. तर हे ते सीपीआर नव्हे. छाती दाबून आणि तोंडानं श्वास देऊन, मदत येईपर्यंत माणूस धरून ठेवायचं ते सीपीआर, आणि त्यातही फक्त लहान पोरांचं. शिकलो कुठं तर घरी बसून, मोबाईलवर, गेममध्ये.

हे खूळ डोक्यात घातलं मेहुणीनं. ती लहान मुलांच्या वॉर्डात स्टाफ नर्स आहे. आमच्या गल्लीतली पोरं उन्हाळ्यात पोहायला विहिरीवर जातात, पाठीला कॅन बांधायचा आणि द्यायचं ढकलून, पट्टीचे पोहणारे दोघं तिघं पाण्यात, एकजण काठावर, असं वर्षानुवर्षं चालत आलंय आणि हल्ली ते खातं माझ्याकडं आहे. एकदा जेवताना तिनं सहज विचारलं, "दाजी, समजा एखादं पोरगं वर काढलं आणि श्वासच घेईना, तर पहिल्या मिनिटात काय करायचं ठरलंय तुमचं?" पंगतीतनं सगळीकडनं एकदम उत्तरं आली. उलटं धरून हलवायचं. पोट दाबून पाणी काढायचं. खांद्यावर टाकून पळवायचं. गाडी काढायची. आईनं कांदा फोडून हुंगायला द्यायचा सांगितला. मेहुणी शांतपणे भाकरी मोडत होती, सगळ्यांचं झाल्यावर म्हटली, "यातलं एकबी नाही." आणि रात्री लिंक पाठवली. क्लासला तुम्ही कोण येणार नाही, हे तरी खेळा, असा मेसेज.

गेम म्हणजे गोळ्या झाडायचा वगैरे नाही. खरी माणसं घेऊन शूट केलेले छोटे छोटे प्रसंग आहेत. व्हिडिओ चालू असतो, मधेच थांबतो, स्क्रीनवर दोन तीन पर्याय येतात आणि वरची एक पट्टी भराभर आखडायला लागते, ती संपायच्या आत बोट लावायचं. नाही लावलं तर प्रसंग आपला आपण पुढं सरकतो आणि पोराचा रंग बदलत जातो. छाती दाबायची वेळ आली की फोन उशीवर ठेवून त्यावर हात ठेवून दाबायचं, फोनला हालचाल कळते आणि कडेला एक काटा हलतो तो हिरव्यात ठेवायचा. शेवटी हिशोब येतो, पहिला श्वास द्यायला किती सेकंद घालवले, मधे हात किती वेळ थांबले, वेग किती होता. मार्कांचं काही वाटत नाही पण तो 'हात थांबले' वाला आकडा लय लागतो मनाला. भाषा सगळी इंग्रजी, उच्चार ब्रिटिश, आणि फोन लावायचा ९९९ ला. ते आम्ही मनातल्या मनात १०८ करून घेतलं.

पहिला प्रसंग वाढदिवसाचा. चारेक वर्षांची पोरगी, द्राक्ष तोंडात, आणि एकदम गप्प. इथं गेम पहिलाच प्रश्न टाकतो, ती खोकते का? कारण खोकता येत असेल, रडता बोलता येत असेल तर काही करायचं नाही, खोकायला लावायचं फक्त, तिचा खोकला आपल्या कुठल्याही धपाट्यापेक्षा जोरदार असतो. आवाजच येत नसेल तर मात्र पुढं वाकवून दोन्ही खांद्यांच्या मधे तळहाताच्या टाचेनं पाच दणके, नाही निघालं तर मागनं कवेत घेऊन बेंबीच्या वर मूठ ठेवून आत आणि वर पाच झटके, परत पाच दणके, असं निघेपर्यंत. एक वर्षाच्या आतलं बाळ असेल तर पोटाला हात लावायचा नाही, पालथं घेऊन पाठीवर पाच आणि उताणं करून छातीवर पाच. आणि पोर बेशुद्ध झालं तर सरळ खाली झोपवून सीपीआर.

बायकोनं हा प्रसंग खेळला तेव्हा तिचं बोट थेट 'तोंडात बोट घालून काढा' वर गेलं. आपल्यातल्या दहापैकी नऊ आया तेच करतील, मी पैजेवर सांगतो. दिसत असेल आणि अलगद निघत असेल तर ठीक, पण न बघता आत बोट फिरवलं की अडकलेलं अजून खाली जातं. गेममध्ये ते गेलं. बायकोनं फोन खाली ठेवला, उठली आणि डब्यातलं भडंग काढून त्यातले शेंगदाणे वेचायला बसली, कारण भाचा अडीच वर्षांचा आहे आणि येईल तेव्हा मूठ त्या डब्यात घालतो. अख्खा शेंगदाणा, फुटाणे, अख्खं द्राक्ष, हे एवढ्या लहान पोराच्या हातात द्यायचंच नाही, द्राक्ष द्यायचं तर उभं चिरून, हे मेहुणी दर सणाला सांगते आणि दर सणाला आम्ही हो म्हणतो. त्या व्हिडिओतल्या परक्या पोरीमुळं ते एका रात्रीत घरात लागू झालं.

दुसरा प्रसंग पाळण्यातल्या बाळाचा, तो मला बघवला नाही असं खरं सांगतो, पण शिकायला त्यातच जास्त आहे. बाळाच्या तळपायाला टिचकी मारायची, हाक मारायची, गदागदा हलवायचं नाही. दहा सेकंदांच्या आत श्वास बघायचा, छाती हलते का, गालाला हवा लागते का. मधनंच एखादी उचकी दिल्यासारखी धाप लागली तर तो श्वास धरायचा नाही, तिथं फसतात लोक. मान फार मागं ताणायची नाही, सरळ ठेवायची, बाळाचं डोकं मागनं मोठं असतं म्हणून सपाट झोपवलं तर मान पुढं दुमडते आणि घसा बंद होतो. तोंड आणि नाक दोन्ही आपल्या तोंडात घेऊन फक्त गालात मावेल तेवढी हवा, एक सेकंद, छाती जरा उचललेली दिसली की बास. आपली छाती भरून फुंकलं तर ती हवा पोटात जाते आणि मग उलटी.

याच प्रसंगात एक घोळ सापडला. गेममध्ये बाळाची छाती दोन बोटांनी दाबायला सांगितलं होतं. मेहुणीनं बघितलं आणि म्हटली हे आता गेलं. २०२५ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या ज्या नव्या सूचना आल्या त्यात दोन बोटांची पद्धत काढूनच टाकली, कारण दोन बोटांनी पुरेसं खोल दाबलंच जात नाही. आता एका तळहाताच्या टाचेनं, नाहीतर दोन्ही हातांनी बाळाची छाती वेढून दोन अंगठ्यांनी दाबायचं. म्हणजे गेम कितीही भारी असला तरी तो कधी बनवलाय आणि नंतर कुणी अपडेट केलाय का हे बघितल्याशिवाय शिकू नये, आणि हे आम्हाला गेमनं नाही सांगितलं, घरात नर्स होती म्हणून कळलं. ज्यांच्या घरात नाही त्यांनी काय करायचं, हा प्रश्न मी तिला विचारला तर म्हटली, "निदान जुनं तरी येऊ दे त्यांना. काहीच न करण्यापेक्षा दोन बोटं परवडली."

मग आला माझा प्रसंग, पोहण्याच्या टाकीतनं काढलेला सहा वर्षांचा मुलगा. इथं गेम सांगतो, डोकं जरा मागं, हनुवटी वर, नाक चिमटीत, आणि आधी पाच श्वास. दाबायचं नंतर. मी याच्या आधी जेवढे व्हिडिओ फॉरवर्ड होऊन आलेले बघितले होते त्यात सगळीकडं फक्त छाती दाबा, तोंड लावायची गरज नाही, असंच होतं. तर ते मोठ्या माणसाचं. मोठा माणूस धाडकन पडतो तेव्हा बहुतेक वेळा हृदयच अचानक बिघडलेलं असतं, रक्तात ऑक्सिजन अजून शिल्लक असतो, नुसतं फिरवलं तरी काही वेळ चालतं. म्हणूनच आपल्याकडच्या भूलतज्ज्ञांनी सामान्य लोकांसाठी मोठ्यांच्या बाबतीत फक्त दाबायची पद्धत सुचवली आहे. पोरांचं उलटं असतं. बुडणं, घशात अडकणं, छातीत कफ भरणं, आधी श्वास जातो आणि मग हृदय थांबतं, म्हणजे हृदय थांबेस्तोवर रक्तातला ऑक्सिजन संपलेला असतो. नुसतं दाबून मग रिकामंच फिरवायचं. हे समजल्यावर माझं सगळं गणित बदललं.

पण लगेच दुसरा गोंधळ. गेम ब्रिटिश, तो म्हणतो आधी पाच श्वास. मेहुणीचा हॉस्पिटलचा कोर्स अमेरिकन पद्धतीचा, त्यात आधी ३० वेळा दाबा मग २ श्वास. माझा मेव्हणा इंजिनियर, त्याला दोन उत्तरं चालत नाहीत, त्यानं जेवण थांबवून विचारलं, "एक काय ते सांग की, कुठलं बरोबर?" ती म्हटली दोन्ही बरोबर आहेत, बुडालेल्या पोराला आधी श्वास यावर कुणाचंच भांडण नाही, बाकी वेळी एक पद्धत धरा आणि मधे थांबू नका. एकट्यानं करताना ३० ला २, शिकलेली दोन माणसं असतील तर १५ ला २. जागा छातीच्या हाडाचा खालचा अर्धा भाग. खोली छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश, म्हणजे बाळाला साधारण ४ सेंटीमीटर आणि मोठ्या पोराला ५. वेग मिनिटाला १०० ते १२०. आणि प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची, नाहीतर हृदयात रक्त परत भरायला जागाच मिळत नाही. आणि पाणी काढायच्या भानगडीत अजिबात पडायचं नाही. पोट दाबलं की पोटातलं पाणी आणि जेवण वर येऊन श्वासनळीत जातं. आपोआप उलटी झाली तर कुशीवर करायचं, तोंड पुसायचं आणि परत चालू.

आता दाबायचं. उशी मऊ म्हणून खाली सतरंजीची घडी घातली, फोन मधे. घरातल्यांची लाईन लागली. सगळ्यात मजा आईची. तिच्या हातात डझनभर हिरव्या बांगड्या, आणि दाबायला लागली की त्या एका ठेक्यात खळ खळ खळ. स्वयंपाकघरात बसलेल्या माणसाला सुद्धा कळायचं की आता दमली, आवाज लांबला. गेमच्या काट्याकडं बघायची गरजच पडली नाही. दोन मिनिटांत तिचा आवाज ढिला झाला आणि तेवढ्यातच माणूस बदलायचा असतो हे तिथंच कळलं सगळ्यांना. शेजारचा एक पोरगा हलगी वाजवतो, त्याला वाटलं आपल्याला काय, ठेका तर रक्तात आहे. बसला आणि सुरू झाला ते थेट दीडशेच्या वर, काटा लाल, गेममधली बाई इंग्रजीत ओरडायली स्लो डाऊन स्लो डाऊन आणि ह्याचा नाद सुटंना. वेग वाढला की खोली कमी होते, हे त्याला पटवायला पाच मिनिटं गेली. शेवटी फोनवर मेट्रोनोमचं, म्हणजे टिक टिक करून ठेका धरून देणारं ॲप मिनिटाला ११० वर लावलं तेव्हा ताळ्यावर आला.

इथपर्यंत मला वाटत होतं की आपण तयार झालो. सगळे प्रसंग पार, हिरवा काटा, टाळ्यांचा आवाज. मग एका रविवारी मेहुणी कुठनं तरी ट्रेनिंगचा पुतळा मागून घेऊन आली, लहान पोराएवढा, छाती बरोबर दाबली की आतनं टक् असा आवाज येतो. आणि टक् येईचना. उशीवर ज्याला हिरवा काटा मिळत होता त्या कुणालाच येईना. कारण फोनला वेग कळतो, खोली त्याला काय नीट कळत नाही, आणि उशीला बरगड्या नसतात. पुतळ्याची छाती कडक लागते, हात आपोआप घाबरतात. पाच सेंटीमीटर आत जाणं म्हणजे डोळ्याला भयंकर दिसतं. मी म्हटलं बरगडी मोडली तर? तर म्हटली, "दाजी, पोरांच्या बरगड्या लवचिक असतात, सहसा मोडत नाहीत. आणि मोडलीच तर आम्ही आहे की जोडायला. हृदय थांबलेलं तसंच आणलं तर मात्र आमच्याकडं पण काय जादू नाही." त्यानंतर कोपर ताठ ठेवून, खांदा हाताच्या बरोबर वर आणून, वजन टाकलं तेव्हा टक् आला. तोंडानं श्वास द्यायचं पण तसंच, गेममध्ये बटण दाबलं की छाती वर येते, पुतळ्यात मान इंचभर चुकली की हवा गालातनं बाहेर.

त्या पुतळ्याची कुळकथा पण वाचली नंतर, म्हणून जरा बाजूला जातो. असा पहिला पुतळा आला १९६० मध्ये, आणि बनवणारा होता नॉर्वेतला एक खेळणीवाला, आसमुंड लेअरडाल. प्लास्टिकच्या बाहुल्या आणि छोट्या मोटारी करायचा. त्याचं स्वतःचं दोन वर्षांचं पोरगं पाण्यात बुडता बुडता वाचलं होतं, त्यानं स्वतः ओढून काढून श्वासनळी मोकळी केली होती. तोंडानं श्वास द्यायची पद्धत शास्त्रीय पायावर उभी करणाऱ्या पीटर सफार यांच्यासारख्या डॉक्टरांना शिकवायला पुतळा हवा होता, ह्याच्याकडं मऊ प्लास्टिकची कला होती. बाहेरनं छाती दाबायची पद्धत अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या मंडळींनी छापली ती पण त्याच १९६० मध्ये. मला ह्यात एवढंच भारी वाटलं की ही विद्या लोकांपर्यंत नेणारा मुळातला खेळणीवालाच, त्यामुळं 'जीवनमरणाची गोष्ट काय गेम खेळून शिकायची काय' असं जे आमच्या गल्लीतल्या एका काकांनी नाक मुरडलं त्यांना द्यायला उत्तर मिळालं.

काकांना उत्तर द्यायचं म्हणून मग मंडळाच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर लावून गल्लीला खेळवायचं ठरलं. आणि तिथं जे घडलं त्यामुळं मी हे सगळं लिहायला बसलोय.

गेममध्ये प्रत्येक प्रसंगात एक आई, एक शेजारीण आणि शांतता असते. आमच्या हॉलमध्ये व्हिडिओ थांबला, पर्याय आले आणि चाळीस माणसं एकदम ओरडायली. उचला. गाडी काढा. पाणी मारा तोंडावर. चप्पल हुंगवा. बाजूला व्हा वारा लागू दे, असं म्हणत अजून चौघं पुढं. पट्टी संपली, पोरगं गेलं, आणि लोक अजून भांडतच. मेहुणी हसायला लागली, म्हटली हे बघा, वॉर्डात येणाऱ्या नातेवाईकांच्या तोंडनं ऐकते ते असंच असतं, माणसं कमी पडत नाहीत, माणसं जास्तच होतात. कोल्हापुरात कुणी रस्त्यात पडलं तर मदतीला धावणार नाहीत असं होतच नाही, उलट अर्धी गल्ली येते आणि जो मोठ्यानं बोलेल त्याचं चालतं, आणि मोठ्यानं बोलणारा नेहमी 'उचला' हेच म्हणतो. श्वास बंद असलेलं पोर मांडीवर घेऊन कुणी बाईकवर मागं बसलं की दवाखाना येईपर्यंत त्याला ना श्वास ना दाबणं. मेंदूला ऑक्सिजन मिळाला नाही तर चार ते सहा मिनिटांत नुकसान सुरू होतं, आणि संध्याकाळच्या गर्दीत बिंदू चौकातनं गाडी काढून बघा.

म्हणून आम्ही गेम तिथंच थांबवला आणि पर्याय आमचे आम्ही केले. पुतळा जमिनीवर, एकजण दाबणारा, आणि बाकीच्या सगळ्यांनी मुद्दाम गोंधळ घालायचा. दाबणाऱ्यानं करायचं काय, तर 'कुणीतरी फोन करा रे' असं म्हणायचं नाही, कारण कुणीतरी म्हणजे कोणच नाही. बोट दाखवून, "तू, निळा शर्ट, १०८ लाव, स्पीकरवर ठेव, इथं माझ्या कानाजवळ. काकू, तुम्ही गल्लीच्या तोंडाला थांबा, ॲम्ब्युलन्स आत घ्या. तू माझ्या समोर बस, मी दमलो की तू." एवढं मोठ्यानं बोलायला लागलं की गर्दी ऐकते, खरंच ऐकते, कारण तिला काम पाहिजेच असतं. ओरडणाऱ्या काकांना काम दिलं की ते गप्प बसतात, हा शोध त्या दिवसाचा. १०८ ची सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे, फोन फुकट आहे, आणि तरी हॉलमध्ये निम्म्या लोकांनी आधी ओळखीच्या डॉक्टरचा नंबर शोधायला घेतला. एकटाच असाल आणि फोन जवळ नसेल तर पोरांच्या बाबतीत आधी एक दोन मिनिटं सीपीआर करून मगच मदतीला पळायचं, हे पण करून बघितलं, आणि छोटं बाळ असेल तर उचलून बरोबर न्यायचं.

कुणीतरी पोलिसांचं विचारलंच. रस्त्यावरच्या गाडीच्या अपघातात मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून २०१९ च्या मोटार वाहन कायद्याच्या दुरुस्तीत तरतूद केली आहे, जबरदस्तीनं नाव गाव सुद्धा विचारता येत नाही, हे सांगितल्यावर मागच्या रांगेतले दोघं पुढं आले. आधी ते भिंतीला टेकून बघत होते.

सगळ्यात चांगलं कुणी केलं तर सातवी आठवीच्या पोरींनी. त्यांना गेमचा वेग अंगवळणी आहे, पट्टी बघून घाबरत नाहीत, आणि काकांना 'तुम्ही मागं व्हा' म्हणायला लाजत पण नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये 'किड्स सेव्ह लाइव्ह्ज' ह्या उपक्रमाला पाठिंबा दिला, त्यात हेच आहे, बारा वर्षांपासनं पुढं दरवर्षी शाळेत दोन तास. अंगात जोर कमी असतो, मोठ्या माणसाची छाती त्यांना दाबत नाही पुरेशी, पण लहान पोराची दाबते, आणि घरी लहान भावंडाजवळ शाळेतनं आल्यावर तीच असतात, आपण नसतो.

बाप्ये मंडळी मात्र कमीच. आली ती फक्त फुटबॉलच्या प्रसंगाला. गेममध्ये शेवटचा प्रसंग मैदानावर कोसळलेल्या तेरा वर्षांच्या पोराचा आहे, आणि कोल्हापुरात फुटबॉल म्हटलं की काय सांगायचं. लगेच १२ जून २०२१ ची आठवण निघाली, युरो कपमध्ये डेन्मार्क विरुद्ध फिनलंड, ख्रिस्तियन एरिक्सन कोपनहेगनमध्ये पहिल्याच हाफमध्ये पडला आणि बाकीचे खेळाडू त्याच्याभोवती कडं करून उभे राहिले. आमच्या पेठेत ती मॅच जागून बघितलेली माणसं आहेत. तो वाचला, आणि २०२२ मध्ये परत खेळायला पण लागला, कारण सीपीआर आणि शॉक देणारं मशीन दोन्ही लगेच मिळालं. धट्टंकट्टं पोर खेळताना अचानक पडलं तर तो प्रकार बुडण्यापेक्षा वेगळा, तिथं हृदयाचाच ठेका बिघडलेला असण्याची शक्यता जास्त, म्हणून मशीन लवकर आणणं महत्त्वाचं. एईडी म्हणतात त्याला, चालू केलं की ते स्वतः बोलून सांगतं काय करायचं, गरज नसेल तर शॉक देतच नाही. लहान पोराला एक पॅड छातीवर आणि एक पाठीवर, मुलांचे पॅड नसतील तर मोठ्यांचे चालतात पण एकमेकांना लागू द्यायचे नाहीत. हे सगळं ऐकल्यावर एका गड्यानं विचारलं, आपल्या मैदानावर आहे काय मशीन? मग हॉलमध्ये जरा वेळ कोण बोललं नाही, मग वर्गणीचा विषय निघाला, तो अजून चालू आहे.

माझं मत विचाराल तर गेम हा अर्धा क्लास आहे आणि तो आधीचा अर्धा आहे. जगभरच्या पुनरुज्जीवन तज्ज्ञांची जी समिती आहे, आयएलसीओआर, तिनं पण असले खेळ ट्रेनिंगचा एक भाग म्हणून वापरावेत असंच सुचवलंय, ट्रेनिंगच्या ऐवजी नाही, आणि पुरावा अजून कच्चा आहे हे पण त्यात आहे. मला जे दिसलं ते असं की काय करायचं आणि कुठल्या क्रमानं, हे गेम पक्कं बसवतो, कारण त्यात पोर डोळ्यासमोर जातं आणि आपण परत सुरुवातीपासनं खेळतो. भाषण ऐकून ते होत नाही. पण हात पुतळ्यावरच शिकतात, आणि आवाज शिकतो तो गर्दीत. शिवाय काही महिने गेले की विसरायला होतं, सगळ्यांनाच होतं, मेहुणीला पण ठराविक वर्षांनी परत परीक्षा द्यावी लागते. तिथं गेम परत कामाला येतो, विहिरीवर जायच्या आदल्या रात्री पाच मिनिटं बुडण्याचा प्रसंग खेळायचा, असा आता आमच्या बॅचचा नियम आहे, काठावर थांबणाऱ्यानं तर खेळायचाच.

सध्या काम चाललंय ते मराठीचं. आमच्या गल्लीतल्या आज्यांना ब्रिटिश बाई काय सांगते ते कळत नाही, म्हणून प्रत्येक प्रसंगाच्या वेळी वर आपला आवाज लावायचा असं ठरलंय, प्रोजेक्टरचा आवाज बंद ठेवून माईकवर मेहुणी बोलणार. तिनं लिहून आणलं, 'कृपया शांत राहा आणि छातीवर दाब देणे सुरू ठेवा'. आईनं ते वाचायच्या आधीच कागद बाजूला केला, म्हटली असं कोण बोलतंय? "दाब की गं, थांबू नगंस, मी मोजतीया", असं म्हण. त्यावर दोघींची वादावादी झाली आणि आईचं ठरलं. मोजणार पण तीच, बांगड्या घालून.

पुढचं शिबिर बाप्यांसाठी आहे. हॉलमध्ये बोलावून येत नाहीत म्हणून आता मॅचच्या हाफटाईमला मैदानाच्या कडेला पुतळा घेऊन बसायचं म्हणतोय. परवानगी मागितली आहे, हंगाम सुरू झाला की बघू कुठल्या मॅचला देतात ते. आपल्या पेठेची मॅच नको म्हणजे झालं, त्या दिवशी आम्हीच कोण पुतळ्याजवळ थांबणार नाही.